धाकट्या जावेचा अर्धा तास

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले ते अठ्ठ्याण्णव साली. माहेर मिरजेचं. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. संध्याकाळची जेवणं उरकली की ते आम्हा भावंडांना चटईवर बसवायचे आणि शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक भाग वाचून दाखवायचे. खरकटी भांडी तशीच पडलेली असायची, आई त्यांच्याकडे बघायचीही नाही. प्रार्थना झाली, आमेन म्हटलं की मगच ती पदर खोचून उठायची. सगळ्या ख्रिस्ती घरांत असंच असतं असं मला वाटायचं. दिवस मावळतो तसं वाचन होतं. त्यासाठी वेळ काढावा लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

निघताना वडिलांनी मला रोजच्या मननाचं एक पुस्तक दिलं. तारखेप्रमाणे एकेक पान, वर वचन, खाली चार ओळी, शेवटी छोटी प्रार्थना.

"एक पान गं फक्त," ते म्हणाले. "चहा गार व्हायच्या आत वाचून होतं."

रत्नागिरीच्या घरात चहा गार व्हायला सवड मिळत नव्हती. घर चिऱ्याचं, तीन खोल्यांचं, पुढे पडवी, मागे धुण्याचा दगड. सासरे पोफळीच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घर बांधलं आणि माझ्या लग्नाआधीच ते वारले. घरात सासूबाई, माझे यजमान आणि मी. धाकटे दीर मस्कतला कामाला. ह्यांचं मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप होतं. रात्री बाहेर पडलेल्या होड्या पहाटे लागायच्या, त्यात कोणाचं तरी इंजिन बंद पडलेलं असायचंच, त्यामुळे हे उजाडायच्या आत बाहेर, मग मधेच चहापुरते घरी. नळाचं पाणीही त्याच सुमारास यायचं. मी एका खाजगी दवाखान्यात नर्स होते, मला आठच्या आत निघावं लागायचं. पुढे मुलगी झाली, मग मुलगा. मग सकाळ ही वेळच राहिली नाही, नुसती झोंबाझोंबी झाली.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पाणी यायच्या आधी उठून बसले, तर पानावरच डोकं टेकून झोपले. उठले तेव्हा गालाला शाई लागली होती आणि पिंप वाहून अंगणात तळं झालं होतं. न्हाणीघरात पुस्तक नेलं, तर मुलगी बाहेरून दार बडवायला लागली. दवाखान्यात जाताना बसमध्ये वाचायला गेले, तर शेजारच्या बाईनं "परीक्षा आहे का?" म्हणून विचारलं आणि उतरेपर्यंत स्वतःच्या मुलाच्या परीक्षेचं सांगत राहिली. आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस आले, तरी माझ्या पुस्तकातली खूण फेब्रुवारीतच होती.

पण तेव्हा मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. घरात कोणीच बसत नव्हतं. सासूबाई रविवारी उपासनेला जायच्या आणि झोपताना पुटपुटत प्रार्थना करायच्या. हे जेवायच्या आधी डोळे मिटायचे, तेही मासळीचं कालवण असलं तर जरा घाईत. सगळेच उपाशी असले की उपास जाणवत नाही.

मग धाकटी जाऊ आली.

दिरांचं लग्न दोन हजार एक साली झालं. मुलगी नगरकडची, तिथल्या चर्चच्या पाळकांची. दीर महिनाभर राहिले आणि मस्कतला परत गेले. जाऊ आमच्याकडे राहिली. बारीक चणीची, आवाज मऊ, चालताना पाय वाजायचा नाही. मला पहिल्या दिवशीच तिनं वाकून सलाम केला आणि "ताई" म्हणाली. मला ती आवडली. काम वाटून घ्यायला कोणीतरी आलं याचाही आनंद होता. ते लपवण्यात अर्थ नाही.

दीर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसवर तवा ठेवला, कणीक मळून तयार होती, आणि जावेची चाहूल नाही. तिच्या खोलीचं दार लोटलेलं. मी हाक मारणार, तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. ओठावर बोट.

"हळू गो," त्या म्हणाल्या. "ती बसलीय."

"बसलीय म्हणजे?"

"शास्त्र वाचतेय. तिच्या घरी तशीच सवय आहे. अर्धा तास. मग येईल."

मी लाटणं हातात घेऊन उभी राहिले. चपात्या करायच्या होत्या, मुलीची वेणी घालायची होती, मुलाला भरवायचं होतं, ह्यांच्या मागोमाग वर्कशॉपवर डबा पाठवायचा होता. आणि भिंतीच्या पलीकडे कोणीतरी नुसतं बसलं होतं. त्या अर्ध्या तासात मी सगळ्या चपात्या लाटल्या आणि प्रत्येक चपातीला त्या खोलीचा विचार केला. तिथे उजेड कसा पडला असेल. ती खुर्चीवर बसली असेल की पलंगावर. पाय वर घेऊन बसली असेल का.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. चेहरा धुतल्यासारखा. "ताई, काय करू मी?" असं तिनं विचारलं, आणि करायचं काहीच उरलं नव्हतं.

हे रोजचं झालं. तसं बघायला गेलं तर तिच्या वाट्याला काम कमी नव्हतं. मी दवाखान्यात गेल्यावर दिवसभराचं घर, मुलं, दुपारची भांडी, संध्याकाळचा स्वयंपाक, सगळं ती करायची आणि चांगलं करायची. मला दिसायचं ते. पण दिसून उपयोग नव्हता. माझं डोकं एकाच जागी अडकलं होतं. ही दिवसभर घरी असते, मग दुपारी का नाही बसत? मुलं झोपल्यावर का नाही? माझ्या अंगाला आग लागलेली असते तोच अर्धा तास हिला कशाला हवा?

आणि सासूबाई. माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती, माझ्यासाठी त्या कधी उंबऱ्यात उभ्या राहिल्या नव्हत्या. आता त्या रोज पहारा द्यायच्या. मुलगी ओरडली की "शू." ह्यांनी रेडिओ लावला की "बंद कर मेल्या, ती बसलीय." कावळा ओरडला तर त्यालाही काठी दाखवायच्या. एकदा दूधवाल्यालाही त्यांनी हातानंच गप्प राहायला सांगितलं. तो बिचारा किटली धरून मुकाट्यानं उभा.

एके रात्री मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या आईला धाकटी सून म्हणजे चर्चच वाटतंय की."

हे हसले. "तुझ्या त्या मिरजेच्या 'की'ला आई हसते, तुला माहीत आहे ना?"

"विषय बदलू नका."

"अगं, मग तूही बस. कोणी नको म्हटलंय?"

"मी बसले तर चपात्या कोण करणार?"

ह्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं आणि झोपून गेले.

चर्चमध्येही तेच. आमची मंडळी लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. सहा महिन्यांत जावेला महिला मंडळात वचनावर बोलायला सांगितलं. मी तीन वर्षं त्या मंडळाची सभासद होते, मला आजवर चहा आणि उपमा एवढंच सांगितलेलं. ती बोलली, फार चांगलं बोलली. बायका मान हलवत होत्या. मी मागे स्टोव्हजवळ उभी राहून ऐकत होते आणि दूध उतू गेलं. घरी येताना सासूबाई तिला म्हणाल्या, "किती समजून वाचतेस गो तू." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उपमा पण बरा झाला होता."

नाताळनंतर मंडळीची सहल आरे-वारेला गेली. बायकांनी सावलीत पातेली मांडली, पुरुष मुलांना घेऊन पाण्यात. हे मात्र आलेच नव्हते, कोणाच्या तरी इंजिनाचं काम निघालं होतं. त्यामुळे माझी दोन्ही मुलं माझ्याच जिवावर. मुलगी लाटेकडे धावायची, मी तिच्यामागे. मुलगा वाळू खायचा. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, केसांत वाळू, घसा ओरडून बसलेला. आणि वर सुरूच्या झाडांखाली माझी जाऊ. मांडीवर उघडं पुस्तक, पण नजर समुद्राकडे. वाऱ्यानं पानं उलटत होती, तिनं त्यावर अलगद हात ठेवला होता. पाळकसाहेब येऊन माझ्याशेजारी उभे राहिले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "असं चित्र पाहिलं की समाधान वाटतं, नाही?"

"हो," मी म्हटलं आणि मुलाच्या नाकातली वाळू काढत राहिले.

त्याच पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी त्या दोन बहिणींच्या गोष्टीवर उपदेश केला. एक प्रभूच्या पायाशी ऐकत बसते आणि दुसरी स्वयंपाकघरात राबत राहते, मग तक्रार करते, ती गोष्ट. त्यांच्या मनात माझं काही नसेल. पण मला वाटलं, सगळी मंडळी माझ्या पाठीकडे बघतेय. घरी जाताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "त्या राबणाऱ्या थोरलीनं बोलायलाच नको होतं. गप भाकऱ्या थापल्या असत्या तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच कळलं नसतं, म्हणून तर बोलली ती," मी म्हटलं.

जाऊ आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. तिनं मुलाला मांडीवर जरा घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशीपासून मी मिक्सर लावायला सुरुवात केली.

वाटण मी नेहमी आदल्या संध्याकाळी करून ठेवायची. आता सकाळी करायला लागले. तिचं दार लागलं की पाचेक मिनिटांनी मी नारळाचं खोबरं, मिरच्या, धणे भांड्यात टाकायची आणि बटण फिरवायची. आमचा मिक्सर जुना. तो चालला की ताटं फळीवर थरथरायची. सासूबाई पहिल्या दिवशी धावत आल्या.

"आत्ताच कशाला?"

"आत्ता नाही तर कालवणात काय घालू? प्रार्थना?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. पण डबा मीच करत होते, त्यामुळे त्यांना फार बोलता येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिक्सर. तिसऱ्या दिवशी मी वाटण जरुरीपेक्षा बारीक केलं. मला आतून मजा येत होती. त्या दारामागे काय चाललं असेल ते मी डोळ्यासमोर आणायची. ती एक ओळ वाचते, पुन्हा तीच ओळ वाचते, पुस्तक मिटते. आता कळलं? मी मनात म्हणायची. अशी असते सकाळ.

चौथ्या की पाचव्या दिवशी दार मधेच उघडलं. ती येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. मी मिक्सर बंद केला नाही. तो थांबेपर्यंत तीही थांबली.

"ताई, नारळ मी खवून ठेवत जाऊ का रात्री? म्हणजे तुम्हाला सकाळी घाई होणार नाही."

मला हेच नको होतं. ती चिडायला हवी होती.

"बस तू तुझी," मी म्हटलं. "आमची कामं आम्ही बघतो."

"बसवत नाहीये," ती म्हणाली. डोळे भरले होते. पण ती परत खोलीत गेली नाही. मुलीला समोर घेतलं आणि तिची वेणी घालायला लागली.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून आले तेव्हा ती मागच्या दगडावर मांदेली साफ करत बसली होती. मी मुद्दामच तिच्याजवळ गेले. दिवसभर रुग्णांना औषधं देताना ते भरलेले डोळे माझ्या डोळ्यासमोर होते, आणि त्यांचाही मला राग येत होता.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तू दुपारी का नाही बसत? घर रिकामं असतं. मुलं झोपलेली असतात."

ती मासे साफ करत राहिली. मग म्हणाली, "दुपारी मला चालतं ताई. दुपारी कामं असतात. सकाळी नाही चालत."

"म्हणजे?"

"सकाळी ह्या घरात सगळे तुम्हाला हाका मारतात. 'मम्मी, मोजे.' 'अगं, डबा.' आई 'पाणी आलं गो' म्हणतात तेही तुम्हालाच. मी आले तेव्हा आई, थोरले दीर, तुम्ही, पोरं, सगळं भरलेलं घर बघून मला वाटलं, आपल्यालाही कोणीतरी हाक मारेल. पहिल्या सकाळी मी उठून बसले, कपडे बदलले आणि वाट बघितली. कोणी मारली नाही. कोणाला माझं काही नकोच होतं. ज्यानं मारली असती तो विमानात बसून गेलेला." तिनं साफ केलेला मासा पाण्यात टाकला. "माझं दार वाजवणारं कोणी नाही, म्हणून मी ते लावून घेते. लावून घेतलं की आपणच लावलंय असं वाटतं."

"मग वाचत नाहीस?"

"वाचते ना. काही दिवस वाचते. काही दिवस तुमचा आवाज ऐकते. मुलाला 'आ कर' म्हणताना तुम्ही स्वतःच आ करता, ते कळतं आवाजावरून." ती थोडी हसली. "मला तुमचा फार हेवा वाटतो ताई."

 मला तिची दया आली असं म्हणता आलं तर बरं होईल. आली, पण थोडीच. बाकी मला एवढंच वाटलं की ही हेव्याचंही किती छान बोलते. मला इतके महिने जे नीट म्हणता आलं नव्हतं ते हिनं मासे साफ करता करता म्हणून टाकलं. मी तिच्यासमोरची विळी माझ्याकडे ओढली आणि म्हटलं, "ऊठ, डोकी मी काढते."

मिक्सर मी पुन्हा संध्याकाळी लावायला लागले.  सकाळी अधूनमधून मी मुद्दाम हाक मारायची, "अगं, मोजे कुठे गेले बघ जरा." ती लगबगीनं बाहेर यायची. सासूबाई माझ्याकडे रागानं बघायच्या. त्यांना काय सांगणार.

पण पोटातली ठिणगी विझली नाही. त्यानंतर वर्षभरात सासूबाईंच्या साखरेनं डोळ्यांवर परिणाम केला. अक्षरं जागेवर राहत नाहीत म्हणायच्या. पोफळीला असताना वसाहतीत ख्रिस्ती दोनच घरं होती, चर्च लांब, तेव्हा रविवारी सासरे वाचायचे आणि त्या ऐकायच्या, हे त्या आता वारंवार सांगायला लागल्या. दुपारी जाऊ त्यांना वाचून दाखवायला लागली. मी ड्युटीवरून यायची तेव्हा दोघी पडवीत बसलेल्या असायच्या, वाचून झालेलं असायचं, आणि दोघींच्या चेहऱ्यावर काहीतरी एकत्र बघून आल्यासारखं असायचं. "काय वाचलंत?" मी विचारायची. "आज फार छान होतं," सासूबाई म्हणायच्या. काय छान होतं ते कोणी सांगायचं नाही. सांगण्यासारखं नसेलही. मी आत जाऊन युनिफॉर्म बदलायची आणि आपल्यासाठी झाकून ठेवलेलं जेवण जेवायची. ते नेहमी गरम असायचं. तेही तिनंच गरम केलेलं असायचं.

दोन हजार चारच्या सुरुवातीला दिरांनी तिकडे भाड्यानं घर घेतलं आणि जावेचा व्हिसा आला. तिचं जायचं ठरलं तेव्हा मी खरं म्हणजे रडले. तीही रडली. सासूबाईंनी मसाला, कोकम, सुका जवळा सगळं बांधून दिलं. आणि ती गेल्यावर, रिकाम्या खोलीत चादर बदलताना, माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल तर हा, की आता ही खोली रिकामी आहे.

मी काही बोलले नव्हते. तरी चार दिवसांनी सासूबाईच म्हणाल्या, "उद्यापासून तू बस तिकडे. चपात्या मी बघते."

"तुम्हाला दिसतं का आई?"

"चपातीवर कुठे वाचायचंय काही?"

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेतलं, खोलीत गेले, दार लावलं. उजेड उजव्या बाजूच्या खिडकीतून यायचा, पलंगाच्या पायथ्याशी पडायचा. खुर्ची नव्हतीच. म्हणजे ती पलंगावरच बसत असणार. मी पाय वर घेऊन बसले. बाहेर मुलगा ओरडला आणि लगेच सासूबाईंचा आवाज आला, "हळू रे. मम्मी बसलीय."

तीन वर्षं मला हे वाक्य हवं होतं. ते आलं, आणि मला एक अक्षर वाचता येईना. चपाती करपल्याचा वास आला. मुलीची वेणी कोण घालतंय? डब्यात लोणचं घातलं का? ह्यांनी कोणाला तरी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. मी कान देऊन ऐकत बसले. पान तेच. वडिलांच्या पुस्तकातली ती शेवटची छोटी प्रार्थना मी तीनदा सुरू केली. मग एकदम मनात आलं, ती पण अशीच बसत असेल. मी तिचा हेवा करत होते तेव्हा ती इथे बसून माझी सकाळ ऐकत होती. आणि आता मी. त्या विचारानं मला बरं वाटलं नाही. फसवल्यासारखं वाटलं.

आठवडाभर मी चिकाटीनं बसले. मग एका सकाळी दार उघडून बाहेर आले आणि सासूबाईंच्या हातातलं लाटणं घेतलं.  करपलेल्या चपात्यांचा ढीग त्यांनी स्वतःच्या ताटाकडे ओढला.

जावेचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. एकदा सकाळी आला, इकडे ऐन धांदल चालू असताना. मी घाईत विचारलं, "कशी आहेस? बसतेस का गं तिकडे?"

"घर एवढं शांत आहे ताई, बसायला वेगळं काय लागतं? हे कामावर गेले की संध्याकाळपर्यंत शांतताच शांतता." मग म्हणाली, "वाचलं की कोणाला सांगावंसं वाटतं, तर कोणी नाही. आईंना आता कोण वाचून दाखवतं?"

"कोणी नाही."

"तुम्ही दाखवा ना."

"मला वेळ कुठाय?" असं मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. ती मस्कतहूनही मला काहीतरी शिकवून जाते म्हणून राग आला. आणि तिनं सुचवलं म्हणून आता करायचं नाही, असंही काही दिवस मनाशी धरलं.

पण जाऊ गेल्यापासून मी दवाखान्यात दुपारपर्यंतचीच पाळी घेत होते, आणि सासूबाई दुपारी पडवीत नुसत्या बसून असायच्या. मी ड्युटीवरून यायची तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी काम असायचं, डोळे मात्र रस्त्यावर. एका दुपारी कोलंबी आली होती. त्या मागच्या पायरीवर टोपली घेऊन सोलत बसल्या होत्या. अक्षरं दिसत नसली तरी कोलंबी त्यांच्या बोटांना बरोबर दिसायची. मी हात धुऊन मदतीला बसणार, तर त्यांनी टोपली आपल्याकडे ओढली.

"हे मी करते. तू वाच काहीतरी."

"मी?"

"मग काय कोलंबी वाचणार?"

मी आत जाऊन शास्त्र आणलं. कुठून वाचायचं ते कळेना, म्हणून समोर उघडलं तिथूनच सुरू केलं. सरोवर, होड्या, रात्रभर जाळी टाकून काही न मिळालेले मच्छीमार. माझा आवाज पहिल्यांदा मलाच परका वाटला. सासूबाईंनी मधेच थांबवलं.

"जरा सावकाश. तुमच्या मिरजेकडं सगळं भांडल्यासारखं बोलतात."

मी सावकाश वाचलं. मच्छीमार सगळं सोडून निघून जातात तिथे त्या पुन्हा थांबल्या. कोलंबीचं डोकं हातातच राहिलं.

"त्यांच्या बायका काय म्हणाल्या असतील गो?"

"त्याचं लिहिलेलं नाही."

"लिहिलं नाही म्हणून त्या बोलल्या नसतील होय? जाळी, होडी, सगळं टाकून निघाला म्हणे." त्यांनी मान हलवली. "पोफळीला तुझे सासरे रात्रपाळीला जायचे तेव्हा मी काय काय बोलायची." आणि मग त्या हसायला लागल्या. मीही हसले. त्या दिवशी आम्ही पुढे वाचलंच नाही. सासऱ्यांचं, वसाहतीचं, तिथल्या पावसाचं त्या सांगत बसल्या, आणि कोलंबी संपली.

त्यानंतर दुपारी बहुतेक रोज वाचन व्हायला लागलं. काम त्यांच्या हातात, पुस्तक माझ्या हातात. कधी कोलंबी, कधी शेंगा, कधी तांदूळ निवडायचे. वेळ काढला असं मला म्हणवत नाही, कारण मी काहीच सोडलं नव्हतं. त्यांनी माझं काम उचललं होतं एवढंच.

मी निवळले असंही समजू नये. एकदा एका स्तोत्राशी आलो आणि सासूबाई म्हणाल्या, "धाकटी हे वाचायची तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं हो."

मी पुस्तक खाली केलं. "माझ्यानं नाही आलं?"

त्यांनी विचार केला. त्या खोटं बोलायच्या नाहीत, हाच त्यांचा दोष. "नाही," त्या म्हणाल्या. "ती वाचायची तेव्हा मला हातातलं काम सुचायचं नाही. तुझं वाचणं ऐकताना हात चालू राहतात."

हे कौतुक की काय, ते मला आजही नक्की ठरवता येत नाही. कितीतरी दिवस मी ते वाक्य तोंडात घोळवत होते. हे घरी आल्यावर ह्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "चांगलंच आहे की," आणि स्वतःच्या तोंडून 'की' गेलेलं लक्षात येऊन हसले. जावेला फोनवर मात्र मी हे सांगितलं नाही. "आईंना वाचून दाखवता का?" तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "हो, रोज." ती गप्प झाली. मग म्हणाली, "बरं झालं." तिच्या त्या गप्प होण्यात काय होतं ते मला ओळखू आलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं.

पाऊस संपत आला होता, आकाश उघडत होतं, अशा दिवसांतली एक दुपार आठवते. सासूबाई भिंतीला टेकून वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी एक लांबलचक भाग वाचत होते. वाचता वाचता लक्षात आलं की शेंगा सोलल्याचा आवाज थांबलाय. वर बघितलं तर त्या झोपल्या होत्या, मान एका बाजूला, एक अर्धी सोललेली शेंग अजून बोटांत. मी पुस्तक मिटणार होते. भांडी पडली होती, दोरीवरचे कपडे काढायचे होते.

मग मी आवाज बंद केला आणि मनातल्या मनात पुढे वाचत राहिले. ते पान संपलं, म्हणून पुढचं उलटलं. मुलांची शाळेची रिक्षा कोपऱ्यावर वाजली तेव्हा त्या जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "हां, मग पुढे?"